नानांची एकेचाळिसावी काडी

आमचे साडू कारभारी यांनी आयुष्यात दोनच गोष्टी मन लावून केल्या. झेंडू पिकवला आणि संसार मोडले. झेंडू स्वतःच्या मळ्यात, मखमलाबादला. संसार दुसऱ्यांचे.

गैरसमज नको. माणूस सज्जन. तंबाखूसुद्धा दुसऱ्याची खाल्ली तर चुना स्वतःचा लावणारा. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं आणि अडल्यानडल्याला पारावर बोलावायचं. आम्हा माळ्यांत नवरा-बायकोचं अगदीच पटेनासं झालं, तर पूर्वी कोर्टात कोणी जात नसे. पंच बसायचे, दोन्हीकडची माणसं बसायची, दोनदोनदा समजूत घालायची. तरी जमत नसेल तर एक काडी आणायची. एक टोक नवऱ्याच्या हातात, एक बायकोच्या. दोघांनी मिळून ती मोडायची. मोडली की सुटले. याला म्हणायचं काडीमोड.

नानांनी या रीतीला कागदाची जोड दिली. स्टँप पेपर आणायचा, त्यावर फारकत लिहायची, खाली कार्बन घालून तीन प्रती काढायच्या. एक नवऱ्याला, एक बायकोला, आणि तिसरी नानांच्या पत्र्याच्या पेटीत. ही पेटी मूळची बियाण्याची. तिच्यात चाळीस फारकती होत्या आणि नाना छातीवर हात मारून सांगायचे, "माझ्या हातची फारकत मोडत नसते."

आता हे सोळा आणे खरं होतं असं नाही. म्हसरूळचं एक जोडपं काडी मोडून एकाच सायकलवर परत गेलं, कारण सायकल एकच होती. वाटेत काय बोलणं झालं कुणास ठाऊक, घरी पोचेस्तोवर दोघांचा समेट. वर्षानं पेढे आले. मी नानांना म्हटलं, ही एक वजा करा. नाना म्हणाले, "जोडली ती त्यांनी. मोडली ती मी. मोजायची ती माझ्या बाजूनं." अशा माणसाशी वाद घालणं म्हणजे उसाच्या चिपाडातून रस काढणं. मी चाळीस वर्षं काढतोय.

आणखी एक फारकत सांगून ठेवतो, पुढं लागणार आहे. आमच्या गावची भागीबाई. तिचा नवरा वाळू सुरतेला कापडाच्या गिरणीत गेला तो तिकडचाच झाला. दुसरं घर मांडलं त्यानं. चौऱ्याण्णव साली नानांनी भागीची फारकत केली. वाळू हजर नव्हता, त्याच्या जागी त्याच्या भावानं काडी धरली. पुढल्या वर्षी भागीला सटाण्याचं स्थळ आलं, लग्न झालं, दोन मुलं झाली, भागीचं सोनं झालं. गैरहजर माणसाची फारकत नानांनी तेवढी एकच केली होती. अमोलची होईपर्यंत.

अमोल म्हणजे नानांचा एकुलता एक मुलगा. शेतकीचा डिप्लोमा केलेला, दिंडोरीकडं एका पॉलिहाऊसमध्ये गुलाबावर देखरेख करायचा. दोन हजार साली त्याचं लग्न विंचूरच्या खंडेरावांच्या दीपमालाशी झालं. खंडेराव कांद्यातले, आवाज लिलावातला. पोरगी मात्र हुशार, नर्सिंग शिकलेली. त्या सुमारास इंग्लंडच्या दवाखान्यांना नर्स कमी पडत होत्या, तिकडची माणसं इकडं येऊन मुलाखती घेऊन जायची. दीपमालाची निवड झाली. मे दोन हजार दोनला ती लेस्टर नावाच्या गावी गेली आणि वर्षभरानं तिनं अमोलला बोलावून घेतलं.

इथून माझ्या डोक्याचा ताप सुरू होतो.

अमोलचा व्हिसा आला तेव्हा नाना पासपोर्ट घेऊन शेजारच्या मास्तरांकडं गेले. शिक्क्यावर डिपेंडंट असा शब्द होता. मास्तरांनी अर्थ सांगितला, अवलंबून असलेला. कोणावर, नानांनी विचारलं. बायकोवर, मास्तर म्हणाले. दोन दिवस नाना पारावर फिरकले नाहीत. मी समजूत घालायला गेलो, म्हटलं, नाना, दोडक्याच्या वेलाला मांडव लागतोच की, म्हणून दोडका काय कमी झाला? नाना म्हणाले, "माझं पोरगं वेल नाय, चिमाजी." आणि उठून झेंडूला पाणी द्यायला गेले. पाणी आदल्या दिवशीच दिलेलं होतं.

हा व्हिसा म्हणजे काय ते मला अमोलनंच नीट सांगितलं, आणि मी ते गावाला असं सांगतो: रेशनकार्ड समजा. कार्ड सुनेच्या नावावर, कारण नोकरी तिची. त्यात खाली अमोलचं नाव, नातं नवरा. लग्न आहे तोवर नाव आहे. लग्न तुटलं की नाव कमी. फरक एवढाच की इकडं नाव कमी झालं तर रॉकेल मिळत नाही, तिकडं देश सोडावा लागतो.

जाण्याआधी अमोलनं एक शहाणपणाचं काम केलं, आणि त्याच शहाणपणानं पुढं घात केला. रस्ता रुंदीकरणात त्यांच्या मळ्याची एक पट्टी जायची होती. सातबाऱ्यावर अमोलचंही नाव. दर सहीला लेस्टरहून कोण येणार? म्हणून त्यानं नानांना कुलमुखत्यारपत्र करून दिलं. त्यात मोजणी, फेरफार, विहीर, वीज कनेक्शन अशी यादी होती आणि शेवटी, जसं सगळ्या कागदांच्या शेवटी असतं तसं, 'व इतर सर्व कामे' असं लिहिलं होतं. त्या तीन-चार शब्दांवर नाना पुढं घर बांधणार आहेत हे कोणाला माहीत.

तिकडं अमोलनं आधी गोदामात खोकी भरली. मग शहराबाहेर काचेच्या घरात फुलं लावणाऱ्या एका नर्सरीत त्याला काम लागलं. मालक गोरा म्हातारा. अमोलनं शेवंतीच्या कुंड्यांना उजेड कमी-जास्त करून अवेळी फुलवून दाखवलं तेव्हापासून तो याच्यावर खूश. दोन हजार चारला दिशा झाली. मुलगी बापाची. दीपमालाच्या ड्यूट्या बारा-बारा तासांच्या, त्यामुळं पोरीला न्हाऊ-माखू घालणं, शी-शू, भरवणं सगळं अमोल करायचा. फोनवर आम्हाला तिचं बोलणं ऐकवायचा. मराठीत 'आजोबा' आणि इंग्रजीत बाकी सगळं.

भांडणं कोणाची होत नाहीत? यांची नर्सरीवरून झाली. अमोलला नर्सरीजवळ घर हवं, दीपमालाला दवाखान्याजवळ. पोरीला पाळणाघरात कोणी सोडायचं, आणायला कोणी जायचं. अशाच एका वादात तिच्या तोंडून गेलं की तू इथं आहेस तो माझ्यामुळं. झालं. हे वाक्य खोटं असतं तर बिचारा चिडला नसता. अमोलनं दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत बापाला फोन केला, वैताग आलाय म्हणाला, आणि वर म्हणाला, "नाना, तुम्हीच काय तो सोक्षमोक्ष लावा."

आता कोणत्याही बापानं याचा अर्थ काय घेतला असता? सुनेला फोन करावा, दोघांना चार गोष्टी सांगाव्यात. पण आमचे नाना पडले फारकतीचे कारागीर. सुताराला सगळीकडं लाकूड दिसतं. त्यांनी तो पोराचा अर्ज समजला. त्यात त्याच आठवड्यात दीपमालानं बापाला फोन करून रडून घेतलं होतं. खंडेराव पेटलेलेच होते. नानांनी विंचूरला निरोप धाडला, तिकडून उलट निरोप आला की आमची पोरगी काय रस्त्यावर पडलेली नाय, आणा काडी.

होळीच्या आदल्या आठवड्यात मखमलाबादच्या पारावर बैठक बसली. मी त्या दिवशी नांदगावला एका लग्नाला गेलो होतो. असतो तर अडवलं असतं असं मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलंय. खरं सांगायचं तर गप्प बसलो असतो.

नवरा-बायको दोघंही हजर नव्हते. समुद्रापलीकडं आपापल्या कामावर होते. नानांनी मुखत्यारपत्र पुढं ठेवलं, 'इतर सर्व कामे' यावर बोट ठेवलं आणि अमोलच्या वतीनं काडीचं एक टोक धरलं. दुसरं टोक खंडेरावांनी लेकीच्या वतीनं धरलं. दोन म्हाताऱ्यांनी बाजरीची काडी मोडली. कोर्टाबाहेरच्या एका नोटरीनं शिक्का मारला, त्यानं कागद वाचला की नाही देव जाणे. नानांनी ती फारकत कुरियरनं लेस्टरला पाठवली आणि पेटीत एकेचाळिसावी प्रत ठेवली. नवसाबाईंना, म्हणजे नानांच्या मंडळींना, हे दोन दिवसांनी पाणी भरताना नळावर कळलं.

पाडव्याला मी श्रीखंडाची वाटी हातात घेतली आणि अमोलचा फोन आला. त्यानं बापाला केला नाही, मला केला. कागद दीपमालानं उघडला होता. आदल्या रात्रीची ड्यूटी करून आली, चहा ठेवला, पाकीट फोडलं, आणि आपला घटस्फोट झाल्याचं तिला कळलं. त्या घटकेला नवरा मोरीत पोरीच्या केसांना साबण लावत होता.

मी म्हटलं, अरे, कागद आहे, फाडा आणि चुलीत घाला. अमोल म्हणाला, तिकडं चुली नसतात. मग त्यानं सविस्तर सांगितलं. वीस मेला त्या दोघांचा व्हिसा संपत होता. पुढला मिळवायला अर्ज करायचा, त्यात लग्न टिकून आहे का असं विचारतात आणि खाली सही घेतात. एक प्रत विंचूरला, एक नानांच्या पेटीत, एक नोंद नोटरीच्या वहीत. असा कागद असताना काहीच घडलं नाही म्हणून सही करायची, आणि उद्या कोणी दाखवला, तर खोटं बोलला म्हणून कायमची बंदी. दोघं मिळून एका गुजराती वकीलबाईंकडं जाऊन आली होती. त्या म्हणाल्या, तुमच्या समाजाच्या रीतीनं हा घटस्फोट खरा असेल तर अमोलनं परतीचं तिकीट काढावं. खरा नसेल, तर ज्यानं तो केला त्यानंच तसं लिहून द्यावं, आणि का खरा नाही तेही लिहावं.

अमोल म्हणाला, "आबा, मी गेलो तर दिशा इथंच ऱ्हाईल. तिच्या आईची नोकरी इथं हाय. मी मखमलाबादला झेंडू तोडीन आन तिला फोनवर बघीन. मला दुसरं काय नको, मला पोरीपाशी ऱ्हाऊ द्या."

मग दीपमालानं फोन घेतला. ती रडत वगैरे नव्हती. म्हणाली, "आबा, मी भांडले, पुन्हाही भांडेन. पण माझ्या भांडणावर सही करायची ती मी. नानांनी नाही आणि माझ्या बाबांनीही नाही."

श्रीखंड तसंच राहिलं. नंतर खाल्लं, पण चव गेली होती.

त्यातून एप्रिल उजाडला आणि तिकडच्या सरकारनं नियमच बदलला. पूर्वी चार वर्षं काम केलं की कायम राहायचा शिक्का मिळायचा. दीपमालाला मेमध्ये चार वर्षं पुरी होत होती. तर यांनी ऐन तोंडावर चाराची पाच केली. म्हणजे अमोलला आणखी एक वर्ष बायकोच्या कार्डावर काढायचं होतं, आणि आमच्याकडं कार्डच फाडून ठेवलेलं. मला तर वाटलं, नाना इकडून आणि तिकडचं सरकार तिकडून, दोघं ठरवूनच अमोलच्या मागं लागलेत.

मी नानांकडं गेलो. पहिल्या दिवशी त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, माझ्या हातची फारकत मोडत नसते. दुसऱ्या दिवशी गेलो तर त्यांनी तोड काढली होती. अमोल आणि दीपमालाचं पुन्हा लग्न लावून देऊ. अमोलच्या वतीनं मी उभा राहतो, तिच्या वतीनं खंडेराव, मध्ये अंतरपाट धरा. मी हात जोडले. म्हटलं, नाना, दोन मिशाळ म्हाताऱ्यांचं लग्न लावलेलं चालतं का, हे त्या वकीलबाईंना विचारायची माझी छाती नाही. नाना चिडले. मुखत्यारपत्र आहे म्हणाले.

तिसऱ्या दिवशी खंडेराव विंचूरहून आले, तेही आवाज चढवून. त्यांचं म्हणणं, काडी पहिल्यांदा नानांनी धरली, तर चूक झाली असं पहिल्यांदा नानांनीच लिहावं. नानांचं म्हणणं, निरोपाला होकार विंचूरहून आला. दोन तास हे चाललं. नवसाबाई चहा घेऊन आल्या, दोघांकडं बघितलं आणि चहा माझ्या एकट्यापुढं ठेवून गेल्या. त्या दिवसापासून त्या नानांशी बोलेनाशा झाल्या. भाकरी ताटात पडायची, शब्द पडायचा नाही. नाना मला म्हणाले, हिच्याशी बोलून बघ. मी बोललो. नवसाबाई म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, वतीनं बोलायला मुखत्यार नेमा."

असे पंधरा दिवस गेले. मी रोज जायचो, रोज तेच. एप्रिल निम्मा सरला. अमोलचा फोन दर रविवारी यायचा आणि मी दर रविवारी त्याला सांगायचो, नाना विचार करतायत. पोराला कळत होतं मी खोटं बोलतोय. तो मागून दिशाचा आवाज तेवढा ऐकू येऊ द्यायचा.

शेवटी माझा संयम सुटला. सकाळी फुलबाजारात नाना झेंडूच्या क्रेटवर बसले होते, तिथंच गाठलं आणि चारचौघांत सुनावलं. म्हटलं, तुमची चाळीस काड्यांची पुण्याई मोठी की तुमची नात? किती दिवस ती एका 'मोडत नसते'वर लटकून राहणार?

नानांनी माझ्याकडं बघितलं नाही. हातातल्या फुलाच्या पाकळ्या निसत राहिले. मग हळूच म्हणाले, "आन भागीचं काय?"

मला आधी समजलंच नाही. कोण भागी?

"गैरहजर माणसाची काडी खोटी असं मी लिव्हून दिलं, चिमाजी, तर वाळूबी गैरहजर व्हता. मग भागीची फारकत खोटी. मग तिचं सटाण्याचं लगीन काय? तिची पोरं काय? परवा ती एस.टी.नं येऊन गेली. कुणीतरी तिला सांगितलं की नाना काडी फिरवून घेणारेत. माझ्या उंबऱ्यावर बसली आन म्हणली, नाना, माझा नवरा मला काय म्हणंल? मी तिला शबूद दिलाय."

मी त्या क्रेटवर त्यांच्या शेजारी बसलो. पंधरा दिवस मी या माणसाला हेकट, गर्विष्ठ, काय काय म्हटलं होतं, तोंडावर आणि माघारी. आणि हा एकटा हे ओझं घेऊन फिरत होता. पण खरं सांगतो, मला दया आली नाही, उलट आणखी संताप आला. म्हटलं, हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? नाना म्हणाले, तू विचारलं नाय.

क्रेट तिथंच विकायला लावून आम्ही मखमलाबादला आलो आणि पेटी उघडली. चाळीस कागद, वर एकेचाळिसावा. कार्बनच्या प्रती पुसट झालेल्या, काहींना झुरळांनी कोपरे खाल्लेले, तळाशी कधीचं तरी कोथिंबिरीचं बी. एकेक काढत चौऱ्याण्णव सालापर्यंत आलो. भागीची फारकत निघाली आणि तिला टाचणी लावून एक निळं आंतरदेशीय पत्र निघालं. टाचणी गंजली होती. नाना पत्राचं विसरूनच गेले होते. पत्र वाळूचं, सुरतेहून, स्वतःच्या गिचमिड अक्षरात. त्यात लिहिलं होतं की मी इकडं संसार केला आहे, भागीला अडकवून ठेवणं पाप आहे, मी येऊ शकत नाही, माझ्या जागी माझा भाऊ काडी धरील, त्याला माझी संमती आहे. खाली सही.

मी ते पत्र दोनदा वाचून दाखवलं. नानांनी भागीची फारकत एका मांडीवर ठेवली आणि अमोलची दुसऱ्या मांडीवर. मी म्हटलं, नाना, वाळूनं लिहून कळवलं होतं. अमोलनं काय कळवलं होतं?

"सोक्षमोक्ष लावा म्हणला."

"आन दीपमालानं?"

नाना म्हणाले, "तिला कुणी विचारलंच नाय."

दारात नवसाबाई उभ्या होत्या. पंधरा दिवसांत पहिल्यांदा नवऱ्याशी बोलल्या. म्हणाल्या, "हे कळायला पेटी उघडावी लागली." आणि आत गेल्या. पण चहा दोन कप आला.

दोन दिवसांनी पुन्हा पारावर बैठक. तेच पंच. खंडेराव विंचूरहून आले होते, त्यांनाही वाळूचं पत्र दाखवलं होतं, त्यामुळं आवाज जरा उतरला होता. भागीबाई सटाण्याहून येऊन बायकांत मागं बसली होती. एरवी नाना पारावर मधोमध बसायचे, त्या दिवशी पाराच्या खाली, ज्यांचा निवाडा व्हायचा ते उभे राहतात तिथं उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली. आधी त्यांनी वाळूचं पत्र वाचायला लावलं आणि सांगितलं की भागीची काडी पक्की आहे, तिला कोणी बोट लावायचं नाही. मग स्वतः लिहून आणलेलं वाचलं. भाषा त्यांचीच, मी फक्त वेलांट्या बघितल्या. ते असं होतं:

"माझ्या मुलाने मला जमिनीच्या कामाचे मुखत्यारपत्र दिले होते. संसार सातबाऱ्यावर नसतो. मी मुलाची संमती घेतली नाही. सुनेला विचारले नाही. दोघांपैकी कोणी काडी धरली नाही आणि धरायला सांगितले नाही. आमच्या रीतीप्रमाणे ही काडी मोडलेली नाही. रीत बरोबर आहे. चूक माझी आहे."

मग मागून कोणीतरी म्हणालं, नाना, चुका निघायलाच लागल्यात तर आमचीबी फारकत परत तपासून द्या. नानांनी मान न वळवता विचारलं, "तुला ती परत पायजे का?" तो म्हणाला, नको. सगळे हसले आणि नानांनी टोपी घातली.

सहीच्या वेळी पुन्हा घोळ. आधी कोणी करायची? दोन्ही म्हातारे पेन एकमेकांकडं सरकवायला लागले. शेवटी मी कागद आडवा धरला आणि दोघांना दोन बाजूंनी एकाच वेळी करायला लावल्या. त्या सह्या इतक्या वाकड्या आल्या आहेत की इंग्रजी भाषांतर करणाऱ्या सरांनी विचारलं, हे लोक धावत होते का.

प्रतिज्ञापत्र झालं, भाषांतर झालं, कुरियर गेलं. वाटलं सुटलो. कसले सुटतोय. आठवड्यानं वकीलबाईंचा प्रश्न आला, ती मोडलेली काडी पुरावा म्हणून जपून ठेवली आहे का. मी नानांना विचारलं. नाना म्हणाले, म्हशीनं खाल्ली. हे मी अमोलला सांगितलं, अमोलनं बाईंना, आणि बाईंनी ते कागदावर कसं लिहिलं असेल याचा विचार करून मला अजून हसू येतं. पण त्यांनी लिहिलं खरं. काडी कशाची, कोणी मोडली, कोणी मोडायला हवी होती, सगळं. फारकतीचा कागद, नानांचं प्रतिज्ञापत्र, सगळं उघडपणे अर्जाला जोडलं. लपवलं काहीच नाही.

जूनच्या अखेरीला उत्तर आलं. अमोलला वर्षभर राहता येईल. आणि दोन हजार सातच्या उन्हाळ्यात, पाच वर्षं पुरी झाल्यावर, दोघांच्या पासपोर्टावर कायमचा शिक्का बसला. तिच्यावर तिचा, त्याच्यावर त्याचा. अमोलनं मला फोन केला तेव्हा पहिल्यांदा हे सांगितलं नाही की शिक्का मिळाला. म्हणाला, "आबा, आता कोणी कोणाच्या कार्डावर नाय. ती मला म्हणली, आता जायचं तर जा, माझ्यामुळं अडू नको. मी म्हणलं, दिशाला आणायला कोण जायचं आज, तू का मी?" त्या दिवशी तो गेला म्हणे.

भांडणं थांबली का? छे. पण 'माझ्यामुळं' हा शब्द त्यातून गेला, आणि तो गेल्यावर, अमोल म्हणतो, उरलेलं भांडण अर्ध्या तासात संपतं.

त्याच दिवाळीत तिघं आली. दिशा साडेतीन वर्षांची, झेंडूच्या वाफ्यात आजोबांच्या मागं मागं फिरून फुलं तोडत होती आणि दर फुलाला काहीतरी इंग्रजीत विचारत होती. नाना मराठीत उत्तर देत होते, दोघांचं व्यवस्थित चाललं होतं. दुपारी जेवणं झाल्यावर दीपमालानं सासऱ्यांना पेटी दाखवायला सांगितली. नाना कचरले, पण आणली. तिनं आपली फारकत काढली, शांतपणे दोन्ही बाजू वाचल्या. मग म्हणाली, "नाना, एक विचारू? अमोलच्या वतीनं तुम्ही धरली. माझ्या वतीनं?"

"तुझ्या बापानं."

"म्हणजे काडी तुम्ही दोघांनी मोडली. मग फारकत तुमची आणि बाबांची झाली. आम्हाला कशाला पाठवली कुरियरनं?"

खंडेराव भिंतीला टेकून पान लावत होते, त्यांना ठसका लागला. मला वाटलं नाना आता चिडतात. पण त्यांनी खिशातून पेन काढलं, पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला कागद होता, त्यावर एकेचाळीस लिहिलं होतं ते खोडलं आणि चाळीस केलं. मग जरा थांबून म्हसरूळच्या सायकलवाल्यांचा विचार केला असावा, कारण पेन पुन्हा उचललं. पण नाही. टोपण लावलं.

अजून लोक त्यांच्याकडं येतात. आता नाना आधी विचारतात, दोघं आलेत का. एकटाच बाप आला असेल तर त्याला झेंडू तोडायला लावतात आणि संध्याकाळी घरी पाठवतात.